तोंडवळा

आमचे ड्रॉइंगमास्तर लिनोवर बसायचे. बसायचे म्हणजे अक्षरशः बसायचे. लिनो म्हणजे साहेबलोकांच्या घरात जमिनीवर अंथरतात ते जाड, तपकिरी, गुळगुळीत प्रकरण. त्यावर धारदार हत्याराने चित्र कोरायचं, शाई फिरवायची, वर कागद ठेवून दाबायचा, की चित्र छापून निघतं. पण थंडीत हे लिनो कडक होतं आणि कोरताना त्याचे टवके उडतात. उन्हात ठेवलं की मऊ होतं. आता शाळेच्या वर्गात ऊन कुठून आणणार? म्हणून मास्तर सकाळीच लिनोचा तुकडा खुर्चीवर ठेवून त्यावर बैठक मारत आणि मधल्या सुट्टीपर्यंत उठत नसत. एकदा इन्स्पेक्टरसाहेब वर्गात शिरले. मुलं ताडकन उभी राहिली, मास्तर बसलेलेच. हेडमास्तरांनी डोळे वटारले. मास्तर अदबीने म्हणाले, "साहेब, उठलो असतो, पण आत्ता कुठं ऊब धरायला लागलंय." साहेबांना वाटलं, बिचाऱ्याला गळू झालंय. त्यांनी बसून राहायला सांगितलं आणि वर पोटीस कशाचं बांधावं तेही सुचवलं. मास्तरांनी आभार मानले. स्टाफरूममध्ये आम्ही पोट धरधरून हसलो, हेडमास्तर सोडून.

मी त्याच हायस्कुलात शास्त्र शिकवायची. माहेर माकुणसारचं, बागायतीतलं, त्यामुळे तोंडाने पहिल्यापासून जरा फटकळच. मास्तरांची न् माझी ओळखदेखील भांडणानेच झाली. मी नोकरीत नवी होते. पालघर स्टेशनवरून शाळेकडे येताना वाऱ्याने माझी छत्री उलटली, काड्या मोडल्या, मी चिंब भिजले, आणि फाटकात हे उंच, काळेसावळे, जाड चष्म्याचे गृहस्थ हसतमुखाने सामोरे आले.

"गेली का हो बाई छत्री? छान झालं!"

"छान काय झालं? दिसत नाही का, भिजलेय मी!"

"तुम्ही वाळाल हो. काड्या तेवढ्या मला द्या."

असा संताप आला म्हणता! नंतर कळलं की छत्रीची काडी आतून खोलगट असते. तिचं टोक दगडावर घासून धार काढली आणि मागे लाकडी मूठ बसवली की लिनो कोरायचं झकास हत्यार होतं. विकतची हत्यारं मुंबईला मिळत, पण मास्तर म्हणत, "ती दुसऱ्याच्या हाताची असतात." पावसाळा आला की अख्ख्या स्टाफरूमकडे ते आशेने बघायचे. कुणाची छत्री धड दिसली की चेहरा पडायचा.

लिनो त्यांना मिळायचं बोईसरहून. तारापूरच्या बाजूला तेव्हा मोठ्या कामाची धांदल सुरू झाली होती. परदेशी इंजिनियर येणार म्हणून बंगले उठत होते आणि त्यांच्या खोल्यांतून लिनो अंथरलं जात होतं. कापून उरलेले तुकडे मास्तर मुकादमाकडून मागून आणत. त्याबदल्यात त्याला पाट्या रंगवून देत. तो मुकादम उत्तरेकडचा होता. एकदा मीही बरोबर होते तेव्हा तो मला म्हणाला, "मास्टरनीजी, ये इन टुकड़ों का करते क्या हैं? पकाके खाते हैं?" मी म्हटलं, "नाही बाबा, यावर बसतात." त्याने मास्तरांकडे अशा नजरेने पाहिलं की विचारू नका.

मास्तरांची डावी भुवई जन्मतः वर चढलेली होती. त्यामुळे तुम्ही काहीही सांगा, त्यांचा त्यावर विश्वास बसलेला नाही असंच दिसायचं. हेडमास्तर या भुवईला फार बिचकत. बरं, माणूस उद्धट मुळीच नव्हता. पण गुळमुळीतही नव्हता. वर्गात कुणी दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, खाली नदी, नदीत होडी असं चित्र काढलं, की ते शांतपणे विचारायचे, "ही होडी कुणाची?" पोरगं गोंधळायचं. "कुणाची ते ठाऊक नाही, मग काढलीस कशाला? जिचा मालक तुला ठाऊक आहे ती काढ." आमच्या शाळेतली निम्मी मुलं किनाऱ्याकडची. मग एकेक होडी अशी उतरायची की पाहत राहावं. कुणाच्या शिडाला ठिगळ, कुणाच्या डोलकाठीला बांधलेली लाल चिंधी. डोंगराकडची मुलं आपापली शेतं काढायची, त्यात त्यांची आई वाकलेली असायची. ड्रॉइंगच्या परीक्षेत यांतली निम्मी नापास व्हायची, कारण परीक्षकांना उगवता सूर्य लागायचा. मास्तरांना त्याचं काही नसे. मला मात्र फार वाटे, की हा माणूस खरं शिकवतोय आणि आम्ही बाकीचे नुसता पोर्शन संपवतोय.

काळ्यापांढऱ्यावर त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. "काळं आयतं असतं, बाई. काही न करता राहतं. पांढरं कोरून काढावं लागतं." हे ते सुक्या बोंबलाची चटणी खाताना सांगायचे. मास्तरांचा डबा उघडला की हेडमास्तर खिडकीशी जाऊन मैदानाची पाहणी करत.

आता ज्यासाठी हे सगळं लिहायला बसले ते सांगते.

मास्तर मूळचे नवापूरचे. तारापूरजवळचं मासेमारी करणाऱ्यांचं गाव. आठवडाभर पालघरला खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी शाळा सुटली की गाडीने बोईसर, तिथून सायकलने नवापूर, आईकडे. लग्न केलं नव्हतं. वडील नव्हते. नव्हते म्हणजे, मास्तर पोटात असताना ते दर्यावर गेले ते आलेच नाहीत. होडी तेवढी फुटून किनाऱ्याला लागली. प्रेत सापडलं नाही. त्या काळी नवापुरात फोटो कोण काढणार? माणसाबरोबर त्याचा चेहराही गेला. पण जरा मोठे झाल्यावर मास्तरांना जो भेटेल तो एकच म्हणायचा, "आरं, ह्यो थेट बापूस!" म्हातारेकोतारे हनुवटी धरून तोंड वर करायचे, बघायचे आणि डोळे पुसायचे.

मला ते एकदा म्हणाले होते, "सगळ्या गावाने त्याला बघितलंय. मीच नाही. आणि तो माझ्याच तोंडावर आहे म्हणतात! मग मला कसा दिसत नाही? आरशात बघतो तर चष्मेवाला मास्तर दिसतो. बाई, मी काय दुसऱ्याचं तोंड घेऊन हिंडतोय?" हसत हसतच बोलले, पण मला ते हसण्यावारी नेता आलं नाही.

हेच त्यांचं खरं वेड होतं. बाकीची चित्रं, म्हणजे बाजार, होड्या, ताडाची झाडं, ते कोरायचे आणि वाटून टाकायचे. स्वतःचं तोंड मात्र वर्षानुवर्षं कोरत राहायचे. कोरता कोरता आपल्यातला बापूस कुठंतरी सापडेल, अशी त्यांची समजूत. फोटोवर त्यांचा भरवसा नव्हता आणि फोटोचाही त्यांच्यावर नसावा. शाळेच्या दरवर्षीच्या ग्रुपफोटोत फोटोवाल्याने 'रेडी' म्हटलं की नेमकं यांना मागून कुणीतरी हाक मारल्यासारखं वाटायचं. सगळ्या फोटोंत त्यांच्या जागी एक धुरकट पुसट गोळा आहे.

त्यांच्या आईचं दुखणं निराळं होतं. म्हातारी ताठ, काटक, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, हातात हिरव्या बांगड्या. माणूस बेपत्ता होऊन बरीच वर्षं लोटली की दर्भाचा पुतळा करतात, त्याला अग्नी देतात आणि दिवसकार्य उरकतात. मग मेलेला सुटतो आणि मागे राहिलेलेही सुटतात. जातीतल्या लोकांनी म्हातारीला किती वेळा समजावलं. तिने कधी ऐकलं नाही. मी पहिल्यांदा नवापूरला गेले तेव्हा तिने मलाच सुनावलं, "ज्याला तोंड नाय, त्या गवताला मी नवरा म्हनू? मानूस गेला तर मानसासारका जाऊ दे. नायतर येल कवातरी." मी मुकाट्याने तिने वाढलेलं कालवण जेवले.

मास्तर लिनोकडे वळले कसे, तोही एक तमाशाच झाला होता, मी नोकरीला लागण्याआधी. हेडमास्तरांच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. लग्नपत्रिका गावातल्याच छापखान्यात छापायला टाकलेली. पण वर छापायचा गणपतीचा ठसा मुंबईहून वेळेवर आला नाही. मुहूर्त तोंडावर आलेला. मास्तर म्हणाले, मी कोरून देतो. तोवर त्यांनी लिनोला हात लावलेला नव्हता, नुसतं वाचलेलं होतं. छापखान्याच्या मालकाकडे पडलेला एक तुकडा घेतला आणि घरी बसून सुरेख गणपती कोरला. डाव्या सोंडेचा, साजरा, मोदकाकडे बघणारा. मालकाने तो ठोकळ्यावर चढवला आणि मोकळा झाला. पत्रिका निघाल्या, हळदकुंकू लावून अर्ध्या पालघरात वाटूनही झाल्या. पहिली देवापुढे ठेवली गेली. तिसऱ्या दिवशी हेडमास्तरांची विधवा आत्या डोळ्यांशी पत्रिका धरून किंचाळली, "अरे मेल्यांनो, हा उजव्या सोंडेचा आहे!"

छापताना चित्र उलटं होतं, हे मास्तर विसरले होते. कोरलं डावीकडे, उमटलं उजवीकडे. आता दुसऱ्या कुठल्या गावाला हे कळायचं नाही, पण आपल्याकडे उजव्या सोंडेचा गणपती म्हणजे पोरखेळ नव्हे. कडक देवस्थान. सोवळं पाळायला हवं, नेमाने पूजा हवी, हेळसांड खपत नाही. आणि इथे तो घराघरांत फळीवर, गादीखाली, डाळीच्या डब्यावर जाऊन पोचलेला! भटजींनी पुष्कळ सांगितलं, की अहो कागदावरचा आहे, प्राणप्रतिष्ठा झालेली नाही, काही दोष नाही. आत्या ऐकेनात. कुणी म्हणे माझ्याकडची पत्रिका पोराने फाडली, आता काय होईल? कुणी ती देव्हाऱ्यात ठेवून घरात मासळी आणायचं थांबवलेलं. हेडमास्तर नुसते घामाघूम. शेवटी मास्तरच सायकलवरून दारोदार फिरले. आंघोळ करून, सोवळ्यासारखं धुतलेलं धोतर नेसून सगळ्या पत्रिका गोळा केल्या आणि समुद्रात नेऊन विसर्जित केल्या. नव्या पत्रिका गणपतीशिवाय, नुसत्या 'श्री' घालून निघाल्या. लग्न यथासांग पार पडलं. आत्यांनी जेवताना मास्तरांच्या पंक्तीला बसायचं मात्र नाकारलं.

दुसरा कुणी असता तर पुन्हा लिनोचं नाव काढलं नसतं. हे महाशय मात्र पुढे मला कौतुकाने सांगायचे, "बाई, मी डावं कोरलं आणि ते उजवं झालं. मी होतो तिथंच, पण देव फिरला! काय चीज आहे हो ही!" तेव्हापासून जो नाद लागला तो लागलाच. फक्त एक धसका कायमचा बसला. त्यानंतर कुठलंही चित्र ते थेट लिनोवर काढत नसत. आधी कागदावर, मग ट्रेसिंग कागदावर, मग तो कागद उलटा करून लिनोवर. म्हणजे छाप सरळ येणार.

असं करून ते स्वतःची तोंडं छापायचे आणि शनिवारी आईला दाखवायला न्यायचे. कोरणं अप्रतिम असायचं. मी कुणी जाणकार नव्हे, पण मलाही ते दिसायचं. गालावरची एकेक रेघ, चष्म्याची चकाकी, सगळं जागच्या जागी. म्हातारी बघायची, मान हलवायची आणि म्हणायची, "बरा हाय. पन कायतरी वाकडं हाय." झालं. मास्तरांचा सोमवार सुतकात जायचा. वर्षानुवर्षं हेच. त्यांना वाटायचं, आपलाच हात कमी पडतोय. एका सोमवारी तर म्हणाले, "बाई, तो माझ्यात नाहीच. लोक उगीच म्हणतात. आता पुरे." त्यांनी हत्यारं रुमालात बांधून मुलांना द्यायला काढली होती. मला गलबलून आलं आणि मला गलबलून आलं की मी चिडते.

मी ताज्या छापाकडे बघत होते आणि एकदम डोक्यात प्रकाश पडला. त्या चित्रात वर चढलेली भुवई भलत्या बाजूला होती. मी म्हटलं, "मास्तर, हे तोंड तुम्ही कशात बघून काढता?"

"आरशात. दुसऱ्या कशात बघणार?"

"मग आरशाने तुमचं डावंउजवं उलटवलं की नाही?"

"उलटवलं. ते मलाही कळतं."

"पुढे लिनो उलटवणार. म्हणजे दोन्ही मिळून झालं सरळ! तुम्ही मधेच ते ट्रेसिंग घालून परत उलटं करता. अहो, तुमच्या आईला तुमचं आरशातलं तोंड दाखवताय तुम्ही! ते तोंड तुमच्याशिवाय या जगात कुणी पाहिलेलं नाही. तिला ते वाकडं दिसेल नाहीतर काय?"

मास्तरांची भुवई आणखी वर गेली. मग हत्यारांचा रुमाल उचलून पिशवीत टाकला आणि तासाला निघून गेले. जाताना एवढंच म्हणाले, "गणपती चावला हो मला."

पुढचं नवापूरला घडलं. ते त्यांनी मला जसं सांगितलं तसं सांगते. रविवारी सकाळी ते अंगणात आरसा टांगून बसले. बारीक बघायचं म्हणून चष्मा काढला आणि ट्रेसिंग न घालता थेट लिनोवर काढून कोरायला घेतलं. डोळे झाले, नाक झालं, गाल झाले. केस आणि वरचा ओठ अजून कोरायचा होता. तेवढ्यात कसं जमतंय ते पाहावं म्हणून एक कच्चा छाप काढला आणि वाळायला अडकवला कुठे, तर बोंबील वाळत घातलेल्या बांबूवर. बोंबलांच्या रांगेत मास्तर. न कोरलेला भाग काळा उमटतो. त्यामुळे ओठावर काळी जाड मिशी आल्यासारखी झाली आणि डोक्यावर काळी टोपी. बिनचष्म्याचं, मिशीचं, टोपीचं तोंड, आणि भुवई बरोबर डावी.

मास्तरांनी स्वतः ते पाहिलं आणि त्यांना कळेना, हा कोण. म्हणाले, "बाई, माझं तोंड मला परकं वाटलं. भीतीच वाटली."

तेवढ्यात आई टोपली घेऊन आली. छाप दिसला तशी थबकली. टोपली खाली ठेवली. डोक्यावरचा पदर पुढे ओढला, नवऱ्यापुढे ओढतात तसा. आणि त्या कागदाला म्हणाली, "इतकी वर्सं कुटं व्हतास रं?"

हे सांगून मास्तर चष्मा पुसत बसले. स्टाफरूममध्ये भूगोलाचे गुरुजी होते, ते उगाचच नकाशे गुंडाळायला लागले.

म्हातारी दिवसभर त्या छापासमोर बसून होती. संध्याकाळी मुलाला म्हणाली, "आता पुतला करा. तोंड गवसलं."

आणि इथून खरा घोटाळा सुरू झाला. तिचं म्हणणं असं, की हे कोरलेलं लिनोच पुतळ्याला तोंड म्हणून बसवायचं आणि त्यालाच अग्नी द्यायचा. कागद घरात राहील. गावात एकच गहजब झाला. जातीतले म्हातारे म्हणाले, तोंड बापाचं म्हण नायतर कुणाचं म्हण, आरशात बघून काढलंय पोराने. म्हणजे पोराचं. जित्या माणसाचं तोंड चितेवर ठेवायचं? आणि अग्नी देणार कोण, तर तोच! मास्तरांची चुलती छाती पिटत म्हणाली, "आयशीनं पोराला जित्ता जालायला काडला!" भटजी दोनदा आले आणि दोनदा परत गेले. हेडमास्तरांनीही मास्तरांना बोलावून घेतलं. मनापासून कळवळून म्हणाले, "मास्तर, तुमच्या गणपतीचं मी सोसलं. पण हे अभद्र आहे हो. करू नका."

मी रागावले ते वेगळ्या कारणाने. तो छाप मास्तरांनी मला दाखवायला आणला होता. मी आजवर पाहिलेल्या त्यांच्या सगळ्या चित्रांत तो एकच असा होता की नजर हटेना. ते तोंड तुमच्याकडे बघत नव्हतं, तुमच्या मागच्या समुद्राकडे बघत होतं. मी म्हटलं, "मास्तर, जाळायचंच असेल तर जाळा, पण आधी निदान पाचपन्नास छाप काढून ठेवा. मुंबईला प्रदर्शनात पाठवा. आयुष्य घातलंत तुम्ही यात!"

मास्तर म्हणाले, "बापूस एकच असतो, बाई."

"आणि तुम्ही? हे तोंड तुमचंही आहे ना?"

"तेच तर कळत नाही ना कधीचं." मग म्हणाले, "खरं सांगू? भ्यालोय मी. लोक म्हणतात, वर्ष काढणार नाहीस. मी शिकलेला आहे, पण भीतीला कुठं लिहितावाचता येतं? त्यावर आई रोज विचारते, कवा करतस? नाही म्हणालो तर ती तशीच बसून राहील, मरेपर्यंत, वाटेकडे डोळे लावून. मग मी हे सगळं कोरलं कशाला?"

त्या दिवशी मी त्यांना पहिल्यांदा वाकून नमस्कार केला. ते गडबडून म्हणाले, "हे काय करताय, बाई, लोक बघतायत."

शेवटी भटजी राजी झाले ते म्हातारीने त्यांना सरळच विचारल्यावर. म्हणाली, "भटजीबुवा, मी त्याच्याशी लगीन लावलं का तुमी? मग ह्यो कोन ते मला कलनार का तुमाला?"

क्रियेच्या दिवशी मी गेले. बायकांनी जायचं नसतं तिथे, पण समुद्रकिनाऱ्याला कुठे दार असतं! आम्ही बाया ओढून ठेवलेल्या होड्यांच्या आडून बघत होतो, म्हातारी सगळ्यांत पुढे. रेतीवर लाकडं रचलेली, त्यावर दर्भाचा पुतळा, धोतर नेसवलेला. आणि त्याला तोंड म्हणून ते लिनो. कोरलेल्या ठशातलं सगळं उलटं असतं, म्हणून तिथे भुवई पुन्हा उजवी दिसत होती. आरशात मास्तर रोज बघायचे तेच तोंड तिथे निजलेलं होतं. हे आमच्यातल्या कुणाच्या ध्यानात आलं नसेल, पण मला आलं. मास्तरांनाही नक्की कळलं होतं. पेटती चूड हातात घेऊन ते किती वेळ नुसते उभे राहिले. मागे एक म्हातारा पुटपुटला, "नको दिऊ पोरा, अजून ऐक."

मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या खिशात ठेवला. वाकले आणि चूड लावली.

लिनोत अळशीचं तेल असतं. ते असं भडकलं की भटजी दोन पावलं मागे सरले. काळा धूर निघाला, तोंड आधी फुगलं, मग वळलं, मग त्यात तोंड म्हणून काही उरलं नाही. मास्तर जागचे हलले नाहीत. झळ लागत होती तरी हलले नाहीत.

म्हातारी उठली. कुणाच्या हाताला न धरता ओल्या रेतीतून चालत पाण्यात गेली. कमरेएवढ्या पाण्यात वाकून तिने स्वतःच्या हाताने कुंकू धुतलं आणि बांगड्या एकेक करून उतरवल्या, फोडल्या नाहीत. चुलती तिला धरायला धावली तशी म्हणाली, "रडू नगं. आला आन् गेला. नीट गेला." आम्ही बाकीच्या सगळ्या मात्र रडत होतो.

परत येताना मास्तर मला बोईसर स्टेशनवर सोडायला आले. भाजलेल्या केळ्यासारखा चेहरा काळवंडला होता, पापण्यांचे केस झळीने जळले होते. गाडीला उशीर होता. बाकावर बसल्यावर म्हणाले,

"चूड लावली तेव्हा वाटलं, बाई, की आपणच चाललो. जवळ जवळ बसकणच मारली असती. मग ते तोंड जळून गेलं. बघतो तर मी तिथंच उभा. पाय भाजतायत, नाक गळतंय. तो गेला आणि मी राहिलो."

मी माझा रुमाल त्यांच्यापुढे केला.

त्यांनी खिशातला चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पण डोळ्यांवर चढवला नाही. माझ्याकडे तोंड वळवून लहान मुलासारखं म्हणाले, "बाई, खरं सांगा. मी दिसतो कसा?"

मी नीट बघितलं. शपथेवर सांगते, इतकी वर्षं एका शाळेत काढून मी त्यांच्याकडे असं कधी बघितलं नव्हतं.

म्हटलं, "तुमच्यासारखे."